पॅकेज नंतर बघ, आधी हात बघ

प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहेस. लॅबमध्ये चाळीस जुन्या मशीनी. विंडोजचा भार त्यांना झेपत नव्हता, म्हणून आधीच्या बॅचच्या पोरांनी सगळ्यांवर आर्च लिनक्स चढवून दिलं आणि पास होऊन पुण्याला निघून गेले. आर्चच्या अधिकृत भांडारात जी पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार केलेले प्रोग्राम, मिळाली नाहीत ती त्यांनी एयूआरमधून (आर्च यूजर रिपॉझिटरी) आणली, म्हणजे वापरणाऱ्यांनीच वापरणाऱ्यांसाठी चालवलेल्या भांडारातून. जुलै २०२५ मध्ये तिथे घातक पॅकेजं सापडली होती हे तू आत्ता कुठे वाचलंस आणि तुझी झोप उडाली. तू विचारतोस, "ताई, हे सगळं काढून टाकू का? ही पॅकेजं बनवून कोण राहिलं, आणि भरवसा ठेवायचा तो कशावर?" सोबत चार पॅकेजांची यादी दिली आहेस.

काढून टाकू नकोस. पण चाळीसही मशीनींवर एंटर दाबत दाबत अपडेट मारायची सवय आजपासून बंद कर. एवढं आधी सांगून टाकते, कारण उत्तर लांबणार आहे आणि लॅबची चावी तुझ्याकडे आहे.

माझ्याबद्दल इतकंच की रामदासपेठ, धंतोली, गांधीबाग या भागातल्या लहान ऑफिसांची आणि दुकानांची मशीनं मी अठरा वर्षं सांभाळते आहे. एयूआरमध्ये काही पॅकेजंही सांभाळली. त्यातलं एक सोडून दिलं, आणि त्या सोडण्यानेच मला या विषयातलं सगळ्यात जास्त शिकवलं. ते पुढे येईल.

आधी सहीचं बघू. इतवारीच्या सराफ्यात बांगडी घेताना माझी आई भिंग मागून घेते आणि हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी वाचते. तिला सराफ ओळखीचा आहे, तीस वर्षांचा आहे, तरी वाचते. या छापाची खुबी अशी की तो सराफ स्वतः मारत नाही, तपासणी केंद्र मारतं. दागिना घडवणारा एक, कस लावणारा दुसरा. डेबियन, फेडोरा किंवा आर्च या लिनक्सच्या वितरणांचं अधिकृत भांडार याच तत्त्वावर उभं आहे. प्रोग्राम लिहिणारा कुठेतरी फिनलंडमध्ये नाहीतर ब्राझीलमध्ये असतो. तो जे बाहेर काढतो ते वितरणाचा मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारा, घेतो, वाचतो, आपल्या पद्धतीने बांधतो आणि आपल्या नावावर भांडारात टाकतो. लिहिणारा आणि तपासणारा यांच्यामधली ही फट म्हणजे सगळ्या व्यवस्थेचा प्राण आहे.

डेबियनमध्ये ही साखळी कशी चालते ते एकदा समजून घे, म्हणजे एयूआरमध्ये काय नाही ते आपोआप दिसेल. डेबियन १९९३ पासून चालू आहे आणि आज त्याचे डेव्हलपर हजाराच्या आसपास आहेत, सगळे स्वयंसेवक. डेव्हलपर होण्यासाठी आधीच्या डेव्हलपरांना प्रत्यक्ष भेटून ओळखपत्र दाखवावं लागतं आणि ते तुझ्या डिजिटल सहीच्या चावीवर आपली सही करतात. मग प्रश्नोत्तरं होतात, काम बघितलं जातं, यात महिनोन्‌महिने जातात. त्यानंतर तू टाकलेलं पॅकेज तुझ्या चावीने तपासून भांडारात घेतलं जातं. प्रत्येक पॅकेजाचा शा-२५६ ठसा, म्हणजे फाइलीवरून गणिताने काढलेली ओळखीची अक्षरं, एका यादीत जातो, त्या यादीचा ठसा रिलीज नावाच्या फाइलमध्ये, आणि त्या एका फाइलवर भांडाराची सही. डेबियनच्या मशीनवरचं ॲप्ट, म्हणजे पॅकेजं बसवणारं साधन, ही सही आधी तपासतं आणि तिथून उलटं खाली उतरत एकेक ठसा जुळवतं. भांडाराची प्रत ठेवणाऱ्या मधल्या एखाद्या मिरर सर्व्हरने पॅकेजात एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही, आणि ॲप्ट ते पॅकेज नाकारतं. आर्चमध्ये थोडं वेगळं आहे, तिथे मेंटेनर प्रत्येक पॅकेजावर स्वतःच्या चावीने सही करतो. पण हेतू तोच.

आता इथे लोक एक घोटाळा करतात. सही जुळली म्हणजे माल चांगला, असं धरून चालतात. सही फक्त सांगते की हे कोणाच्या हातून आलं आणि वाटेत कोणी बदललं नाही. त्या हाताने आत काय केलं ते सही सांगत नाही. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या पॅकेजातून एका मेंटेनरने काही ओळी काढल्या. तपासणीचं एक साधन त्या ओळींवर सारखी तक्रार करत होतं, म्हणून. हेतू स्वच्छ, सही खरी, भांडार अधिकृत. पण त्या ओळी गेल्यामुळे चाव्या बनवताना लागणारा यादृच्छिकपणाच आटला, आणि एका प्रकारच्या, एका लांबीच्या चाव्या जेमतेम ३२ हजारांच्या आसपासच वेगळ्या निघू लागल्या. एवढ्या तर कोणीही साध्या मशीनवर बसून मोजून काढेल. हे मे २००८ मध्ये उघडं झालं, आणि मधली दोन वर्षं जगभर त्या कच्च्या चाव्यांवर सर्व्हर चालत राहिले. मी तेव्हा या धंद्यात नवीनच आले होते. त्या आठवड्यात एकेका ऑफिसात जाऊन चाव्या बदलल्या, आणि बाहेर मे महिन्याचं नागपूर! कुलरमध्ये पाणी भरायला माणूस नव्हता, ते कामही माझ्याचकडे.

एयूआरमध्ये मात्र तपासणी केंद्रच नाही. सराफाने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून दिली आहे, 'सोनं बावीस कॅरेट, आपला विश्वासू'. कोणीही ईमेल देऊन खातं काढू शकतं आणि त्याच दिवशी पॅकेज चढवू शकतं. हे लपवलेलं नाही, एयूआरच्या पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे की हा माल वापरणाऱ्यांनी केलेला आहे, वापराल तर स्वतःच्या जबाबदारीवर. तरी मी एयूआरला नावं ठेवणार नाही. तिथे पडलेल्या हजारो पॅकेजांपैकी कित्येकांच्या वाटेला अधिकृत मेंटेनर या जन्मात जाणार नाहीत. आपल्या गल्लीतल्या एखाद्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर कोण सांभाळणार? ज्याच्याकडे तो प्रिंटर आहे तोच.

आणि एक गोष्ट एयूआरमध्ये चांगली आहे, जिचा उपयोग फार कमी लोक करतात. तिथे तुला डबा मिळत नाही, कृती मिळते. पीकेजीबिल्ड नावाची एक साधी बॅश स्क्रिप्ट (ओळीने लिहिलेल्या आज्ञा) असते: मूळ फाइल कुठून आणायची, तिचा ठसा काय, कशी बांधायची, कुठे ठेवायची. बहुतेक वेळा चाळीस-पन्नास ओळी. पातोडीच्या कृतीत 'चिमूटभर उंदराचं औषध' लिहिलेलं असेल तर वाचणाऱ्याला दिसतंच. न वाचता कढईत टाकणाऱ्याला कोण वाचवणार?

कुठे काय चालतं हेही माहीत असू दे. ही कृती चालवून पॅकेज बांधणारं मेकपीकेजी हे साधन रूट म्हणून, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकाराने, चालायला नकार देतं, त्यामुळे लोक निर्धास्त होतात. पण ते तुझ्या नावाने चालतं, आणि तुझ्या होम फोल्डरात तुझे पासवर्ड, दुसऱ्या मशीनींत दुरून शिरायच्या तुझ्या एसएसएच चाव्या, ब्राउझरची कुकी, सगळं पडलेलं असतं. चोराला रूटच लागतो असं नाही. शिवाय पॅकेजासोबत कधीकधी डॉट-इन्स्टॉल संपलेली एक छोटी फाइल असते. ती मात्र पॅकमन, म्हणजे आर्चचं पॅकेज बसवणारं साधन, बसवताना रूट म्हणून चालवतं. पीकेजीबिल्ड वाचून ही फाइल न वाचणं म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लावून मागचं उघडं टाकणं.

आता मुद्द्यावर येते. इतक्या वर्षांत ज्या ज्या घटना मी जवळून वाचल्या, त्यातल्या मोठ्या घटनांमध्ये एक जागा पुन्हा पुन्हा येते: पॅकेजाचा हात बदलतो ती जागा.

जुलै २०१८ मध्ये एयूआरमधलं ॲक्रोरीड, म्हणजे ॲडोबीच्या पीडीएफ वाचकाचं पॅकेज, बेवारस पडलं होतं. आधीच्या मेंटेनरने सोडलं होतं. एयूआरमध्ये अशा पॅकेजाला 'ऑर्फन' म्हणतात आणि कोणीही ते एका क्लिकवर दत्तक घेऊ शकतं. एका नव्या खात्याने ते घेतलं आणि कृतीत एक ओळ घातली: कर्ल या डाउनलोडच्या साधनाने बाहेरची एक स्क्रिप्ट आणायची आणि चालवायची. ती स्क्रिप्ट मशीनच्या सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीचा टायमर लावून दर ३६० सेकंदांनी मशीनची माहिती गोळा करणार होती. तसं पाहिलं तर नुकसान फार झालं नाही. लोकांनी ओळखलं, बदल मागे घेतला, खातं बंद केलं, आणखी दोन पॅकेजांत तोच उद्योग सापडला तोही काढला. पण लक्षात घे, ज्यांच्याकडे ते पॅकेज आधीपासून होतं त्यांनी काहीही नवीन बसवलं नव्हतं. नाव तेच, चिन्ह तेच, अपडेट आलं एवढंच.

त्याच वर्षी जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारात इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या लायब्ररीचं (दुसरे प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडचं) तेच झालं. आठवड्याला वीस लाखांच्या आसपास डाउनलोड, आणि मूळ लेखकाला त्यात काही रस उरला नव्हता. एका अनोळखी माणसाने मदतीची तयारी दाखवली, लेखकाने चावी देऊन टाकली. नव्या माणसाने ही लायब्ररी ज्यावर अवलंबून राहील असं दुसरं एक पॅकेज आत घुसवलं, जे एका ठरावीक बिटकॉइन वॉलेटवर टपून होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये ते उघड झालं. तेव्हा लोक लेखकावर तुटून पडले. मला नाही पटलं ते. फुकट काम करून थकलेल्या माणसाने 'घे बाबा, तू बघ' म्हटलं तर त्यात गुन्हा काय?

आणि मग एक्सझेड. हे जरा सविस्तर सांगते, कारण इथे तपासणी केंद्रालाही चकवलं गेलं. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. लासे कोलिन नावाचा एक माणूस ती वर्षानुवर्षं एकटा सांभाळत होता. २०२१ पासून 'जिया टॅन' नावाचं कोणीतरी चांगले, उपयोगी बदल पाठवू लागलं. दुसरीकडून काही वेगळ्याच नावांनी कोलिनवर दबाव सुरू झाला: काम रखडतंय, दुसऱ्याला का देत नाहीस? त्याने आपली तब्येत आणि थकवा उघडपणे सांगितला होता. हळूहळू जिया टॅनच्या हातात चावी गेली. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या निघाल्या, त्यात चोरून शिरायचं मागचं दार होतं. घातक मालाचा मुख्य भाग चाचणीच्या फाइलींत दडवलेला, आणि तो जागा करणारी ओळ गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या उघड नोंदीत, नव्हतीच, फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे फाइलींच्या गठ्ठ्यात, होती. म्हणजे गिट वाचणाऱ्यालाही पूर्ण चित्र दिसलं नसतं. सही? सही बरोबर होती. हात आता त्याचाच होता ना!

पकडलं कसं, तर अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरला आपल्या डेबियनच्या मशीनवर एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. बाकी कोणी 'नेट स्लो असेल' म्हणून चहाला गेलं असतं. तो खणत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जाहीर केलं. तोवर हे डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग, फेडोराच्या रॉहाइड, ओपनसुसेच्या टम्बलवीड अशा सतत बदलत्या शाखांत पोचलं होतं. आर्चमध्येही त्या आवृत्त्या आल्या होत्या. पण ते मागचं दार डेब किंवा आरपीएम (डेबियन आणि फेडोरासारख्यांची पॅकेजं) बांधतानाच आत शिरायचं, आणि आर्चचं एसएसएच त्या लायब्ररीला थेट जोडलेलं नसतं, म्हणून आर्चवाले बचावले. डेबियनच्या स्टेबल या पक्क्या शाखेला तर वाराही लागला नाही. का? तिथपर्यंत माल पोचायलाच वेळ लागतो. अनस्टेबलमधून टेस्टिंगमध्ये यायला काही दिवस, आणि टेस्टिंगमधून पुढच्या स्टेबलमध्ये यायला कधीकधी दोन वर्षं. उशीर हा बिनपगारी पहारेकरी आहे, हे आपल्याकडे सरकारी फाइल सरकताना कोणाला पटणार नाही, पण इथे खरं आहे.

जुलै २०२५ ची घटना, जिच्यामुळे तू घाबरलास, ती यापेक्षा ढोबळ होती. १६ जुलैला एका खात्याने एयूआरमध्ये लिब्रेवुल्फ-फिक्स-बिन, फायरफॉक्स-पॅच-बिन आणि झेन-ब्राउझर-पॅच्ड-बिन अशी तीन नवी पॅकेजं टाकली. बसवताना ती गिटहबवरून एक स्क्रिप्ट आणत आणि त्यातून केऑस नावाचं, दूर बसून मशीन ताब्यात घेणारं साधन आत येई. १८ जुलैला ती काढून टाकली गेली. तुझ्या पोरांनी ती बसवली होती का, हे दोन मिनिटांत कळेल: पॅकमनला क्यू-एम (-Qm) हा पर्याय दे, अधिकृत भांडाराबाहेरून आलेलं सगळं यादीत येईल. आधी काढून टाकलेलं बघायचं असेल तर पॅकमनचा लॉग व्हार-लॉगमध्ये असतो, त्यात तारखेसकट नावं आहेत. आणि नावातच 'फिक्स', 'पॅच्ड' असलेलं पॅकेज दिसलं की थांबायचं. फायरफॉक्स अधिकृत भांडारात असताना त्याचं 'दुरुस्त' पॅकेज एक अनोळखी माणूस आपल्याला का देतोय, हा प्रश्न बर्डीवर फुटपाथला अर्ध्या किमतीत फोन विकणाऱ्याला आपण विचारतोच की.

आता माझी गोष्ट. गांधीबागेतल्या एका कापड दुकानात बारकोडची लेबलं छापणारा प्रिंटर होता. त्याचा लिनक्स ड्रायव्हर कंपनी आपल्या साइटवर देत असे, पण बसवायला किचकट. मी त्याचं एयूआर पॅकेज केलं. वापरणारे मोजकेच, तरी महिन्यातून एखादा 'थँक यू' यायचा, बरं वाटायचं. मग बाबांची बायपास झाली, घर आणि दवाखाना यात मी इतकी गुंतले की एके रात्री बसून मी पॅकेजाची मालकी सोडून दिली. कोणाला सांगितलं नाही. पॅकेज बेवारस.

वर्षभराने दुकानाच्या मशीनचा लॉग चाळताना दिसलं, ते पॅकेज तीन आठवड्यांपूर्वी अपडेट झालं होतं. मी तर केलं नव्हतं. पान उघडलं तर मेंटेनर म्हणून अनोळखी नाव. कृतीतला मूळ पत्ता बदललेला: कंपनीच्या साइटऐवजी कोणाची तरी खाजगी जागा. आणि हे अपडेट दुकानाच्या तिन्ही मशीनींवर आपोआप बसलं होतं, कारण रात्रीचा आपोआप अपडेट मीच लावून दिला होता, कसलीही विचारणा न करण्याच्या पर्यायासकट, सुडोला (रूटचा अधिकार देणाऱ्या आज्ञेला) पासवर्ड न लागण्याच्या सोयीसकट. शेटजींना दर वेळी फोन करायला नको म्हणून. अठरा वर्षांतली ही माझी सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आहे आणि ती मी कोणाच्याही डोक्यावर फोडू शकत नाही.

हात थरथरत होते. मग जुनी आणि नवी कृती शेजारी शेजारी लावली आणि पाच मिनिटांत जीवात जीव आला. पत्ता बदलला होता, पण शा-२५६ ची ओळ तीच होती, मीच टाकलेली. म्हणजे फाइल कुठूनही येवो, ती बाइटनबाइट तीच आहे. डॉट-इन्स्टॉल फाइलमध्येही बदल नाही. कंपनीने जुना ड्रायव्हर साइटवरून काढून टाकला होता आणि या भल्या माणसाने आपल्याकडची प्रत आपल्या जागेवर ठेवली होती. त्याला लिहिलं, आभार मानले.

यातून चेकसमचं, म्हणजे या ठशाचं, खरं मोल मला कळलं. लोकांना वाटतं कृतीत ठसा दिलाय म्हणजे सुरक्षित. पण पत्ताही त्याच माणसाने दिलेला, ठसाही त्यानेच काढलेला असेल, तर ठसा एवढंच सांगतो की त्याला जे द्यायचं होतं ते तुला मिळालं. ठसा कामाचा ठरतो तो जुन्या हाताचा असेल आणि नव्या हाताने तो तसाच ठेवला असेल तेव्हा, किंवा मूळ लेखकाने स्वतंत्रपणे जाहीर केलेल्या ठशाशी तू तो ताडून बघशील तेव्हा. त्याहून बरं म्हणजे मूळ लेखकाची सही पडताळायची पीजीपी चावी कृतीत नोंदवलेली असणं. अशा वेळी मेकपीकेजी सही तपासतं, चावी नसेल तर अडतं, आणि लोक वैतागून तपासणीच वगळण्याचा पर्याय देतात. तो देऊ नकोस. चावी मूळ प्रकल्पाच्या साइटवरून शोधून आण, दहा मिनिटांचं काम आहे.

म्हणून मी अपडेटच्या वेळी बघते ते इतकंच. मेंटेनर तोच आहे का? पत्ता तोच आहे का, की स्पेलिंगात एक अक्षर इकडचं तिकडे झालंय? आवृत्ती बदलली आणि ठसा बदलला हे ठीक, पण आवृत्ती तीच असून ठसा बदलला असेल तर का? कर्ल, डब्ल्यूगेट, बेस-६४ अशी, नेटवरून खेचायची किंवा मजकूर दडवायची, अक्षरं नव्याने आली आहेत का? मूळ फाइली आणायला मेकपीकेजी आहे, मग कृतीच्या पोटात पुन्हा नेटवरून काही खेचायचं कारण काय? एयूआरची पॅकेजं आणून बांधणारं याय हे साधन बदल दाखवू का म्हणून विचारतं आणि तसंच दुसरं साधन पारू तर वाचायलाच समोर ठेवतं. आपण एंटर दाबून पुढे जातो. नेहमीच्या अपडेटमध्ये दोन ओळी बदललेल्या असतात, आवृत्ती आणि ठसा. त्या वाचायला तर्री पोह्यांवर तर्री मागण्याइतकाही वेळ लागत नाही. तिसरी ओळ बदललेली दिसली की तिथे बसायचं.

पण चाळीस मशीनींवर चाळीस वेळा हे वाचणार कोण? कोणीच नाही. म्हणून लॅबमध्ये रचनाच बदल. एक मशीन बाजूला काढ, फक्त बांधणीसाठी. तिच्यावर कोणी नेट बघायचं नाही, मेल उघडायचा नाही. एयूआरचं पॅकेज तिथेच, स्वच्छ क्रूटमध्ये बांध, म्हणजे कोऱ्या आर्चमध्ये, जिथे तुझ्या खाजगी फाइली नाहीत. तयार झालेलं पॅकेज स्वतःच्या चावीने सही कर, रेपो-ॲड या आज्ञेने एक छोटं भांडार कर आणि कॉलेजच्या आतल्याच सर्व्हरवर ठेव. बाकी एकोणचाळीस मशीनींच्या पॅकमनला त्या भांडाराचा पत्ता आणि तुझी चावी दे, आणि त्यांच्यावरून याय काढून टाक. आता वाचायचं एकदाच, आणि तपासणी केंद्र तू स्वतः. विद्यार्थ्यांना सुडो दिलेला असेल तर तो काढ. आरडाओरड होईल, होऊ दे. एक वेगळी मशीन मोडायला-जोडायला त्यांना देऊन टाक.

कोणी सांगेल की चाओटिक-एयूआरसारखी तयार बांधून देणारी भांडारं आहेत, ती वापर. सोय चांगली, वेळही वाचतो. पण तिथे कृती लिहिणाऱ्यावरचा भरवसा तसाच राहतो आणि बांधणाऱ्यावरचा नव्याने भर पडतो. फ्लॅटपॅकचं, म्हणजे प्रत्येक ॲप आपापल्या भिंतीआड चालवणाऱ्या पद्धतीचं, बरंचसं चांगलं आहे, तिच्या फ्लॅटहब या भांडारात मूळ प्रकल्पानेच दिलेल्या ॲपला तशी खूण असते. फक्त ॲपने पूर्ण होम फोल्डरची परवानगी मागितली असेल तर त्याच्याभोवतीची भिंत नावालाच उरते, हे बसवण्याआधी बघ.

आणि तू विचारलं नाहीस तरी सांगते: कॉलेजच्या लॅबमध्ये मी आर्च ठेवला नसता. माझ्या घरच्या लॅपटॉपवर आर्च आहे आणि मला तो आवडतो. पण लॅबला डेबियन स्टेबल, ज्याची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी एकदा येते. परीक्षेच्या आदल्या दिवशी सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडल्या तर काही नवीन येत नाही, हीच त्याची मोठेपणाची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत विचार कर, घाई नाही.

आता तुझी यादी. गूगल क्रोमचं पॅकेज राहू दे. ती कृती गूगलच्याच सर्व्हरवरून त्यांचंच डेब उचलते आणि उलगडून ठेवते, शिवाय हजारो डोळे तिच्यावर असतात. व्हिज्युअल स्टुडिओ कोडचंही तसंच, मायक्रोसॉफ्टचा पत्ता आहे एवढं पडताळ. क्रोमची तशी गरज आहे का, क्रोमियम अधिकृत भांडारात आहे, तो प्रश्न वेगळा.

तिसरं, इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलचं सिम्युलेटर. त्याच्या पॅकेजाचा गिट इतिहास उघड. तू पाठवलेल्या माहितीवरून त्याचा मेंटेनर गेल्या वर्षात दोनदा बदललाय. बदललाय म्हणून वाईट नाही, माझ्या प्रिंटरची गोष्ट आत्ताच सांगितली. पण शेवटच्या तुझ्या ओळखीच्या आवृत्तीपासून आजपर्यंतचे सगळे बदल ओळीने वाच. कंटाळा आला तर मला पाठव, रविवारी मी वाचते. तोवर ते पॅकेज चाळीसही मशीनींवर आहे तिथेच गोठवून ठेव, पॅकमनच्या कॉन्फिगमध्ये त्यासाठी इग्नोर-पॅकेजची ओळ असते.

चौथं तो मराठी फॉन्ट, ज्याच्यावर मराठी मंडळाचा भित्तिपत्रकाचा सगळा कारभार चालतो. ते पॅकेज बेवारस आहे, मी बघितलं. फॉन्टचा परवाना मोकळा आहे, मूळ फाइल प्रकल्पाच्या जागेवर अजून आहे, कृती अवघी सव्वीस ओळींची आहे आणि दीड वर्षात नवी आवृत्ती निघूनही कोणी हात लावलेला नाही. ते तू घे. एयूआरवर खातं काढ, एसएसएचची सार्वजनिक चावी टाक, पॅकेजाच्या पानावर दत्तक घेण्याचं बटण आहे. मग गिटने क्लोन कर, आवृत्ती वाढव, ठसा नव्याने काढ, स्वच्छ क्रूटमध्ये बांधून बघ, नेमकॅप हे तपासणीचं साधन चालवून चुका पाहा आणि पुश कर. पुश करण्याआधी डॉट-एसआरसीइन्फो ही पॅकेजाच्या माहितीची फाइल नव्याने बनवायला विसरू नकोस, नाहीतर पानावर जुनीच आवृत्ती दिसत राहील आणि दोन दिवसांत कोणीतरी 'जुनं झालंय' म्हणून झेंडा लावेल. मी पहिल्यांदा विसरले होते. आणि कॉलेज सोडून जाशील तेव्हा पॅकेज तसंच टाकून जाऊ नकोस, आधी मला फोन कर.